रोज जेवणानंतर

हैदराबादच्या मोठ्या रुग्णालयांत रक्तविकारांच्या ओपीडीबाहेर थोडा वेळ बसलं, की मराठी कानावर पडतेच. नांदेड, देगलूर, परभणी, उदगीर, लातूर इथून आजारी माणसाला घेऊन लोक आजही हैदराबाद गाठतात. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा हैदराबाद राज्यातून बाहेर पडला, पण दवाखान्याची वाट काही बदलली नाही. आजोबांना उस्मानियात आणलं होतं, नातवाला पंजागुट्ट्याच्या निम्समध्ये आणतात. शिवाय काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा इथं पिढ्यान्‌पिढ्या राहणारी आमच्यासारखी मराठी घरं आहेतच. या सगळ्यांपैकी ज्यांच्या फायलीत ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’, म्हणजे सीएमएल, असं निदान लिहिलं गेलं आहे, त्यांच्यासाठी ही पुस्तिका तयार केली आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला हे निदान झालं, तोवर आमच्या घरात रक्ताचा कॅन्सर कुणी प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. पाहिला होता तो पडद्यावर. १९७८ सालचा ‘अखियों के झरोखों से’ हा चित्रपट डोळे पुसत पाहिलेली आमची पिढी. त्यातली तरुण मुलगी ल्युकेमियानं जाते. त्यामुळे डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं, तेव्हा आईनं पुढचं काहीच ऐकलं नाही. डॉक्टर समजावत होते, की हा आजार संथ आहे, याला गोळी आहे, गोळीनं तो वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. आई मात्र पदराचं टोक मुठीत धरून जमिनीकडे बघत होती. बाहेर आल्यावर तिनं मला एकच विचारलं, “किती दिवस म्हणाले गं?” डॉक्टर दिवसांबद्दल काहीच बोलले नव्हते.

असं बहुतेक घरांत होतं. मधुमेह किंवा रक्तदाबाचं निदान झालं, तर गल्लीत चार अनुभवी माणसं निघतात. गोळीची वेळही तीच सांगतात आणि पथ्यही. सीएमएल वर्षाला लाखात एखाद्या-दुसऱ्या माणसाला होतो. ओळखीत कुणालाच झालेला नसतो. नात्यातले लोक मग दुसऱ्याच कुठल्या तरी कॅन्सरच्या आठवणी सांगत बसतात: केमोथेरपी, गळलेले केस, अंथरुणाला खिळलेला माणूस. त्यातलं फारच थोडं या आजाराला लागू पडतं. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्यानं साठीच्या आसपास दिसतो. आपल्याकडे निदान होतं ते तिशी-चाळिशीतल्या माणसांना. म्हणजे ज्याच्या पगारावर घर चालतं त्याला, जिचं मूल अजून शाळेत जातंय तिला, कधी लग्न ठरलेल्या मुलालाही.

निदान पुष्कळदा अवचित होतं. नोकरीसाठीची तपासणी असते, किंवा नुसता ताप म्हणून रक्त दिलेलं असतं. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजारांच्या दरम्यान असायला हव्यात, त्या लाखाच्या पुढे निघतात. प्रयोगशाळेलाच आधी शंका येते आणि ते पुन्हा रक्त मागतात. काहींना थकवा जाणवत असतो, वजन उतरलेलं असतं, थोडं जेवलं तरी पोट भरल्यासारखं वाटतं, डाव्या बरगडीखाली जड लागतं. ती वाढलेली पाणथरी असते. माझ्या बहिणीच्या पोटावर डॉक्टरांनी बोटांनी चाचपत तिची कड शोधली आणि निळ्या पेनानं तिथं रेघ मारली. पुढच्या खेपेला पाणथरी त्या रेघेपासून किती मागं गेली, हे त्यांना बघायचं होतं. पहिले दोन आठवडे तिनं ती रेघ पुसू दिली नाही. अंघोळीनंतर स्वतःच पुन्हा गिरवायची. पुढे पाणथरी बरगडीआड गेली आणि हाताला लागेनाशी झाली.

हा आजार नेमका काय आहे, हे समजून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण गोळी रोज का घ्यायची याचं उत्तर त्यातच आहे. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड या दोघांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींमध्ये एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. शहरावरून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणू लागले. त्याचा तुटलेला तुकडा कुठं जातो, हे शोधलं शिकागोच्या जॅनेट राउली यांनी, १९७३ साली. घरी जेवणाच्या टेबलावर त्या गुणसूत्रांचे फोटो कात्रीनं कापून, जोड्या लावून बघत. आई कागदी बाहुल्या खेळतेय, असं त्यांची मुलं चिडवायची. त्या टेबलावर त्यांच्या लक्षात आलं, की बावीस क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा नऊ क्रमांकावर गेलाय आणि नऊचा बावीसवर आलाय. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल नावाचा एक नवाच जनुक तयार होतो. तो एक असं प्रथिन बनवतो, जे पांढऱ्या पेशींना ‘वाढा’ असा हुकूम सतत देत राहतं. थांबण्याचा हुकूम येतच नाही.

ही अदलाबदल अस्थिमज्जेतल्या एका पेशीत, जन्मानंतर कधी तरी होते. आईवडिलांकडून ती येत नाही आणि मुलांकडे जात नाही. हा आजार शिवल्यानं, उष्ट्यानं किंवा सहवासानं लागत नाही. हिरोशिमातल्या बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्यांमध्ये सीएमएलचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं, म्हणजे तीव्र किरणोत्सर्ग हे एक कारण आहे. पण बहुतेक रुग्णांच्या बाबतीत कारण सापडत नाही. हे इतकं ठासून सांगते, कारण निदान झालं की घरात दोष शोधणं सुरू होतं. मुलीच्या माहेरचं काही आहे का, हिनं गरोदरपणात काही खाल्लं होतं का, कुणाचा तळतळाट लागला का. कुणाचंही काही चुकलेलं नसतं.

२००१पूर्वी परिस्थिती खरोखर बिकट होती. हायड्रॉक्सियुरियानं काउंट खाली येत असे, इंटरफेरॉनची इंजेक्शनं काहींना लागू पडत, भावाबहिणीची अस्थिमज्जा जुळली आणि पैसा असला तर प्रत्यारोपण होई. बाकीच्यांचा आजार काही वर्षं संथ राहायचा आणि मग एकाएकी उसळायचा. जुन्या माणसांच्या मनातली भीती त्या काळाची आहे आणि त्या काळापुरती ती खोटी नव्हती. मग ओरेगनच्या डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी १९९८मध्ये रुग्णांवर एका गोळीची चाचणी सुरू केली. बीसीआर-एबीएलच्या प्रथिनात जिथं ऊर्जेचा रेणू येऊन बसतो, नेमकी तीच जागा ही गोळी अडवते. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. त्या गोळीचं नाव इमॅटिनिब. मे २००१मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. इमॅटिनिबनं उपचार सुरू केलेल्या रुग्णांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत दहा वर्षांनंतर शंभरातले ८३ जण हयात होते, आणि गेलेल्यांमध्येही अनेकांच्या मृत्यूचा सीएमएलशी संबंध नव्हता.

गोळी आली, पण ती आपल्या घरापर्यंत कशी आली, याची गोष्ट हैदराबादच्या रुग्णानं तरी माहीत करून घ्यायलाच हवी. नोव्हार्टिस कंपनीचं ग्लिव्हेक, म्हणजे इमॅटिनिबच, भारतात महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडे. कंपनीनं मॅक्स फाउंडेशनमार्फत हजारो भारतीय रुग्णांना ते मोफतही दिलं, हे सांगायला हवं. पण प्रत्येक रुग्ण त्या यादीत बसू शकत नव्हता. २००३ साली हैदराबादच्या नॅटको फार्मानं वीनॅट या नावानं तेच औषध बाजारात आणलं. अशा देशी गोळ्यांचा खर्च महिन्याला आठ-दहा हजारांवर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोव्हार्टिसला भारतात विक्रीचा एकाधिकार मिळाला आणि न्यायालयाच्या मनाई हुकमांमुळे काही देशी उत्पादकांना थांबावं लागलं. ज्यांच्या गोळ्या चालू होत्या, त्यांच्यासाठी ते दिवस कसे गेले असतील, याची कल्पना रोज गोळी घेणाऱ्यालाच येईल.

नोव्हार्टिसनं या औषधासाठी पेटंटचाही अर्ज केला होता. त्याला विरोध करणाऱ्यांमध्ये औषध कंपन्यांबरोबर मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी संस्थाही होती. चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं २००६च्या जानेवारीत अर्ज फेटाळला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठानं नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) प्रमाणे, माहीत असलेल्या औषधाचं नुसतं नवं रूप पुरेसं नाही. रोगावरचा त्याचा गुण वाढलेला दिसला पाहिजे, असा त्या निकालाचा गाभा आहे. पुढे आणखी कंपन्या आल्या आणि किमती आणखी उतरल्या. आज नांदेडचा शेतकरी हे औषध विकत घेऊ शकतो, त्यामागे हे सगळं आहे.

आता पुस्तिका लिहिण्यामागचा मुख्य मुद्दा. पहिल्या महिन्यात कुणीही गोळी चुकवत नाही. घरचे सगळे उशाशी बसलेले असतात, घड्याळ लावलेलं असतं, आई हातात पाणी देते. मळमळतं, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, तरी माणूस निमूट घेतो, कारण मरणाची भीती असते. दोन-तीन महिन्यांत काउंट सरळ होतो. वर्षभरात माणूस कामाला लागलेला असतो, चेहऱ्यावर तरतरी असते. घातक काळ इथून सुरू होतो. गावी लग्नाला गेलो आणि पाकीट घरीच राहिलं. महिनाअखेर हात तंग होता, म्हणून चार दिवस उशिरा आणली. पोट बिघडलं होतं, म्हणून दोन दिवस नको वाटली. आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: “आता तर मी ठणठणीत आहे, कशाला रोज?”

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१०मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षं इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणात त्यांनी एक चिप बसवली होती. झाकण कधी उघडलं, याची ती नोंद ठेवायची. नव्वद टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आजार खोलवर आटोक्यात येण्याची शक्यता ९४ टक्क्यांच्या घरात निघाली. नव्वद किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांमध्ये ती २८ टक्क्यांवर आली. नव्वद टक्के म्हणजे महिन्यात तीन गोळ्या चुकणं. हा आकडा वाचल्यावर मी बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयकडे बघितलं. गोळी घेतली की ती त्या तारखेवर टिंब देते. त्या महिन्यात दिवाळीच्या आठवड्यातले दोन चौकोन कोरे होते. माझ्या आधी तिच्याच ते लक्षात आलं होतं, आणि त्यानंतर तिनं माहेरी आमच्याकडे एक जादा पाकीट कायमचं ठेवून दिलं.

गोळ्या चुकल्या की आजार लगेच दिसत नाही, ही यातली फसवी गोष्ट. नेहमीचा रक्ताचा काउंट चांगलाच येत राहतो. बदल आधी कळतो तो पीसीआरमध्ये, म्हणजे रक्तातलं बीसीआर-एबीएलचं प्रमाण मोजणाऱ्या तपासणीत. निदानाच्या वेळची प्रमाणित पातळी शंभर धरली, तर बीसीआर-एबीएल तीन महिन्यांत १० टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांत १ टक्क्याच्या आसपास किंवा खाली आणि वर्षभरात ०.१ टक्क्यापर्यंत यावा, अशी डॉक्टरांची अपेक्षा असते. या तपासणीला काही हजार रुपये लागतात आणि ‘बरं वाटतंय’ म्हणून पहिली काट तिच्यावरच बसते. कृपा करून ती टाळू नका. शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करा, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. आकडा अडला किंवा वर चढला, तर गोळ्या खरंच नियमित घेतल्या होत्या का, हे डॉक्टर आधी विचारतील. त्यांना खरं सांगा. सगळं नियमित असूनही आकडा वाढत असेल, तर डासाटिनिब, निलोटिनिब अशी दुसरी औषधं आहेत. पण चुकवलेल्या गोळ्यांची गोष्ट लपवल्यामुळे चांगलं चाललेलं औषध बदललं जाऊ नये.

घरातले काही प्रश्न डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो. उपासाचा प्रश्न त्यातलाच. इमॅटिनिब दिवसातल्या भरपेट जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली की उलटी होते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊन घेतली तरी चालते. रमजानमध्ये रोजे धरणाऱ्यांनी इफ्तारनंतरच्या जेवणावर घ्यावी, पण रोजे धरायचे का, हे आधी डॉक्टरांना विचारून. निर्जळी मात्र नको. पपनस आणि त्याच्या जातीची फळं टाळलेली बरी. काढे, पानांचे रस, कुणीतरी पाठवलेली पुडी यांतलं काहीही गोळीबरोबर सुरू करण्याआधी विचारा. टीबीवरचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सवरचं फेनिटॉइन तर इमॅटिनिबचा रक्तातला अंश उतरवतं. त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, तरी ही गोळी चालू असल्याचं सांगा.

इमॅटिनिबनं अनेकांची कातडी उजळ होते. रंगपेशींना लागणारा एक संदेशही ती अडवते, म्हणून. बहिणीला दोन वर्षांनी भेटलेल्या बायका विचारायच्या, काय लावतेस गं? ती हसून विषय बदलायची, कारण सासरी नवरा सोडून कुणालाच माहीत नव्हतं. गोळ्यांचं पाकीट डाळीच्या डब्यात असायचं. आजार कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही, हे ज्यानं-त्यानं ठरवावं, यात मी उपदेश करणार नाही. एवढंच सांगते, की ज्या घरात गोळी लपवून घ्यावी लागते, त्या घरात ती चुकते. निदान एका माणसाला तरी पाकीट कुठं आहे, हे ठाऊक असावं.

मूल हवं असेल, तर बाईनं ही गोष्ट फार आधी डॉक्टरांपुढे काढावी. गरोदरपणात इमॅटिनिबमुळे बाळाला व्यंग येण्याचा धोका असतो. आणि गोळी परस्पर थांबवली तर आजार परततो. दोन्हीचा मेळ घालता येतो. पीसीआर बराच काळ खूप खाली राहिलेल्या अनेक जणींनी देखरेखीखाली गोळी थांबवून मूल होऊ दिलं आहे. गोळी कायमची थांबवण्याबद्दलही अभ्यास झाले आहेत. वर्षानुवर्षं आजार जवळजवळ दिसेनासा झालेल्या रुग्णांमध्ये थांबवून पाहिलं, तर साधारण निम्म्यांमध्ये तो परतला, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो बहुधा पुन्हा आटोक्यात आला. पण तिथं सुरुवातीला महिन्याच्या महिन्याला पीसीआर होत होती. कुणी मनानं गोळी सोडणं आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पैशाचं थोडक्यात. तेलंगणातल्या पात्र कुटुंबांसाठी आरोग्यश्री आहे, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. महाराष्ट्राचं रेशनकार्ड घेऊन हैदराबादला आलेल्यांची इथं अडचण होते. निदान हैदराबादला करून पुढची औषधं आपल्या राज्यातल्या सरकारी केंद्रातून मिळतील का, हे निघण्यापूर्वीच आरोग्यमित्राला विचारा. रेड हिल्सचं एमएनजे कॅन्सर रुग्णालय आणि निम्स, दोन्हीकडे समाजसेवा विभागात चौकशी करता येते. भाषेची धास्ती बाळगू नका. फॉर्म तेलुगूत किंवा इंग्रजीत असले, तरी इथल्या दखनी बोलणाऱ्या सिस्टरचं “घबराओ नक्को” मराठवाड्यातल्या माणसाला लगेच कळतं.

पुस्तिकेतली प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही. नुकतंच निदान झालेल्यांनी दुष्परिणामांचं प्रकरण आधी वाचावं, म्हणजे डोळ्यांची सूज किंवा पोटऱ्यांतले गोळे बघून गोळी सोडली जाणार नाही. घरच्यांनी तपासण्यांचं प्रकरण वाचावं. अचानक ताप आला, रक्तस्राव झाला, किंवा धाप लागली, तर वाचत न बसता रुग्णालय गाठायचं. शेवटच्या चार पानांवर रकाने आखून ठेवले आहेत: तारीख, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, पीसीआरची टक्केवारी, चुकलेल्या गोळ्या. पहिली ओळ निदानाच्या दिवसाची. ती आजच भरा, आणि तिच्याखाली तीन महिन्यांनंतरच्या पीसीआरची तारीख आत्ताच पेन्सिलीनं लिहून ठेवा.